लान-ताईंनी सांगितलेली तारीख

येन युए-लान आमच्या कंपनीत सगळ्यांत वडील. वय एक्कावन्न. आमचे मालक थांग साहेब त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, त्यामुळे तेही त्यांना लान-ताईच म्हणायचे. बाकी आम्ही बाराजण तर म्हणायचोच. काओशुंगच्या बंदरामागे एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली माशाच्या पेजेचं दुकान. सकाळी जिना चढताना आल्याचा वास अंगाला चिकटतो तो दुपारपर्यंत जात नाही.

आमचं काम थोडक्यात सांगतो. पेंगहूच्या लहान लहान बेटांवर दवाखाने आहेत, पण डायलिसिस किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया असलं काही निघालं की माणसाला बोटीने मोठ्या गावी यावं लागतं. डॉक्टरची वेळ मिळाली आणि बोटीत जागा नाही, किंवा जागा मिळाली आणि डॉक्टर नाही, तर सगळी खेप वाया. या दोन्ही गोष्टी एकदम नोंदवून देणारी प्रणाली आम्ही बनवली आणि आम्हीच चालवतो.

ती प्रणाली लिनतौ नावाच्या फ्रेमवर्कवर उभी आहे. घर बांधणाऱ्याला खांब-तुळया तयार मिळाव्यात तसं हे. भिंती, दारं, खिडक्या आपण घालायच्या, सांगाडा त्यांचा. लिनतौवर जगभरातली शे-दीडशे माणसं हौसेने, फुकट काम करतात. पण त्यांनी केलेला कुठलाही बदल आत घ्यायचा की नाही, हे ठरवणारा माणूस एकच. लो वेन-पिन. तो पूर्व किनाऱ्यावर ताइतुंगकडे कुठेतरी राहतो, एवढंच आम्हाला माहीत होतं.

चांद्र नव्या वर्षाची सुट्टी संपवून फेब्रुवारीत आम्ही कामावर आलो त्याच आठवड्यात लिनतौच्या पानावर घोषणा झाली. पाचवी आवृत्ती तीस जूनला येणार. आणि त्याखाली आणखी एक ओळ होती: चौथ्या आवृत्तीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढच्या वर्षी मार्चअखेर बंद होतील. म्हणजे त्यानंतर चौथीत कुठे भोक पडलं तर बुजवायला कोणी येणार नाही. रुग्णांची माहिती सांभाळणाऱ्या प्रणालीला ते चालण्यासारखं नव्हतं.

थांग साहेबांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाशी बोलावलं. दवाखान्यांना नवी प्रणाली हवीच होती.

"जूनला पाचवी येते. तीन महिने आपले. एक ऑक्टोबरला नवी प्रणाली सुरू. मी दवाखान्यांना तसं कळवतो," साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात माझी. पाचव्या आवृत्तीवर काम करायला माझे हात नुसते शिवशिवत होते.

"जूनमध्ये येणार नाही," लान-ताई म्हणाल्या.

"काय?"

"पाचवी. ती जूनमध्ये येत नाही. जानेवारीत येईल. अकरा ते वीसच्या दरम्यान."

मग मीच तोंड उघडलं. "ताई, देवळात जाऊन आलात वाटतं? कौलाच्या लाकडी चंद्रकोरी तीनदा टाकल्या आणि देव म्हणाला जानेवारी?"

सगळे हसले. लान-ताई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या. शाळेच्या मुलांच्या असतात तशा, चौकटींच्या. "आ-हान, तू इकडे ये. तूच वाच, म्हणजे तुझा विश्वास बसेल."

मी वाचलं. लिनतौच्या आधीच्या चार मोठ्या आवृत्त्या. प्रत्येकीची सांगितलेली तारीख आणि खरी तारीख. पाच महिने उशीर, सात महिने, चार महिने, आठ महिने. पुढच्या पानांवर गेल्या वर्षाचा एकेक आठवडा. पाचवीसाठी करायच्या कामांची यादी सगळ्यांना दिसेल अशी उघडी असते. तिच्यातली एकशे चाळीस कामं बाकी होती. आठवड्याला सरासरी अकरा मिटत होती, पण आठ नवी निघत होती.

"म्हणजे खरी तीनच कमी होतात," लान-ताई म्हणाल्या. "एकशे चाळीसला तीनने भाग. सत्तेचाळीस आठवडे. आजपासून मोज."

"हे कधी केलंत तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"दुपारच्या झोपेत."

आमच्याकडे जेवणानंतर अर्धा तास दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकतात. त्या अर्ध्या तासात ही बाई वह्या भरत होती, आणि तीन महिने कुणाला पत्ता नव्हता.

"पण ताई, त्यांनी स्वतः तारीख दिली आहे. बनवणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं का?"

"साहेब, मागच्या खेपेलाही त्यांनी स्वतःच दिली होती."

मागची खेप सगळ्यांच्याच लक्षात होती. तीन वर्षांपूर्वी असंच जाहीर तारखेवर विसंबून आम्ही जुनी प्रणाली बंद करायचा दिवस ठरवला होता. सांगाडा आला नाही, आम्ही घाईने काहीतरी जोडून-तोडून लावलं आणि ते पहिल्याच दिवशी कोसळलं. सतरा दिवस बेटांवरच्या नर्स कागदावर नोंदी करत होत्या. त्यांच्या मदतीला लान-ताईंना चीमेई बेटावर पाठवलं होतं. तिथे एका कोळ्याचं नाव बोटीच्या यादीत चढवायचं राहिलं. त्याचं डायलिसिस दोन दिवस हुकलं. माणूस वाचला, पण त्याला हेलिकॉप्टरने न्यावं लागलं, आणि यादी लिहिणारा हात लान-ताईंचा होता. हे त्या कधी बोलल्या नाहीत. मला ते तिथल्या नर्सकडून कळलं होतं.

"मग तुमचं म्हणणं काय?" साहेबांनी विचारलं.

"चौथीवरच बांधायचं. पण असं बांधायचं की उद्या खालचा सांगाडा काढून नवा सरकवता येईल. जास्त काम आहे. मला आ-हान द्या."

"मला का?" मी जवळजवळ ओरडलोच.

"कारण लॉगिनचा भाग तुझ्याइतका कुणाला कळत नाही. आणि तू बडबड करतोस, मला झोप येणार नाही."

साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं. शेवटी म्हणाले, "तीस जूनपर्यंत. त्या दिवशी पाचवी आली तर तुमचं सगळं फेकायचं, ताई, आणि सगळ्यांना पपईचं दूध तुमच्याकडून."

"चालेल."

ते चार महिने मी काही फार आनंदात काढले नाहीत. बाकीचे लोक पाचवीचे कच्चे नमुने उघडून खेळत होते, आणि मी जुन्या आवृत्तीच्या भोवती कुंपण घालत बसलो होतो. रोज सकाळी आल्या आल्या मी विचारायचो, "पंचांगताई, आजचं भविष्य?" त्या वही बघून सांगायच्या, "एकशे अठरा." पुढच्या आठवड्यात, "एकशे सोळा." आवाजात काही नाही, जणू भाजीवाली वजन सांगते आहे.

एकदा त्यांनी मला विचारलं, "हे बघ. हा लो वेन-पिन एरवी पहाटे साडेपाचला कामाला लागतो. पण दरवर्षी सप्टेंबर आला की दहाच्या आधी त्याचं एक अक्षर नसतं. दोन महिने असंच. मग पुन्हा पहाटे. का असेल?"

"म्हातारा झोपत असेल."

"दहा वर्षं, फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये?" त्यांनी एका नोंदीवर बोट ठेवलं. कुणाला तरी उत्तर देताना लोने लिहिलं होतं, 'हात परागांनी माखलेत, आंघोळ करून बघतो.'

"सीताफळं," त्या म्हणाल्या. "ताइतुंगला सीताफळाच्या फुलांवर सकाळी हाताने पराग लावतात, ब्रशने. माझ्या मावशीकडे बाग होती. हा माणूस शेतकरी आहे, आ-हान."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या वह्यांबद्दल थोडं कुतूहल वाटलं.

तीस जून उजाडला. सकाळपासून सगळे लिनतौचं पान उघडून बसले होते. अकराच्या सुमाराला ओळ आली: पाचवी आवृत्ती आता तीस सप्टेंबरला. साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले, पाण्याच्या यंत्रातून पेलाभर पाणी घेतलं, प्यायले, आणि म्हणाले, "पपईचं दूध माझ्याकडून." दवाखान्यांनाही त्यांनी त्याच दुपारी कळवलं: नवी प्रणाली चौथीवर तयार ठेवतो, आणि मार्चमध्ये पाचवीवर सुरू करतो. दवाखान्यांनी ते मान्य केलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं वहीप्रमाणे चाललं होतं. सत्तेचाळीस कामं उरली होती. वहीत त्या तारखेला किती असायला हवी होती ते मी चोरून पाहिलं. सत्तेचाळीसच. तेव्हापासून मी त्यांना पंचांगताई म्हणणं सोडलं.

आणि मग वादळ आलं.

आमच्याकडे काओशुंगला एक दिवस सुट्टी मिळाली, चार झाडं पडली, संपलं. पण ते ताइतुंगवरून सरळ आत शिरलं होतं. तिसऱ्या दिवशी लिनतौच्या पानावर लो वेन-पिनची एकच ओळ होती: 'बाग पडली. काही दिवस येणार नाही.'

त्यानंतर काही नाही. एक आठवडा, दोन आठवडे. तीस सप्टेंबर आला आणि कुणी काही न बोलता निघून गेला. दूरदूरचे लोक पानावर लिहू लागले. काहींनी सहानुभूती दाखवली. काही जण नुसतेच भडकले होते. एकाने लिहिलं, आपण वेगळी चूल मांडू, याच्यासाठी किती थांबायचं? कामांची संख्या कमी व्हायची सोडून वाढत चालली. एकसष्ट झाली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला साहेबांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. "ताई, आता? तुमची जानेवारी टिकते का?"

"नाही. तो अंदाज रद्द समजा."

"मग नवी तारीख?"

"नाही सांगता येत." त्या हातातली वही उघडतच नव्हत्या. "मी गेलं वर्ष मोजलं, साहेब. तो माणूस रोज उठून काम करणार हे धरून मोजलं. त्याची बाग पडेल हे मी धरलंच नव्हतं. आता मी जी तारीख सांगेन ती थाप असेल."

"मार्चअखेर चौथी बंद होते. पाचवी हातात आल्यावर आपल्याला बदलायला दोन महिने लागतील."

"माहीत आहे."

"म्हणजे आपण अडकलो?"

लान-ताई उठल्या. "एकसष्टमधली चव्वेचाळीस कामं झालेली आहेत, साहेब. दुसऱ्यांनी करून ठेवली आहेत. ती फक्त त्या एका माणसाने वाचायची थांबली आहेत. मी ताइतुंगला जाते. मंगळवारी. आ-हानला घेऊन जाते."

"तुम्ही त्यांना ओळखता?"

"नाही. पत्ता काढला आहे. फळांच्या सहकारी सोसायटीला फोन केला होता."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

मंगळवारी सकाळच्या गाडीने निघालो. बोगद्यांमागून बोगदे, मग एकदम उजव्या हाताला समुद्र. लान-ताईंनी समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन त्या पेन्सिलीने खुणा करत होत्या. मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला तेव्हा त्यांनी अर्धं अंडं खाल्लं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

बाग डोंगराच्या पायथ्याशी होती. होती म्हणायचं. ओळीच्या ओळी एका बाजूला झोपल्या होत्या, जणू कुणी मोठ्या फणीने विंचरून काढल्या. जमिनीवर जाळ्यांच्या चिंध्या आणि कुजलेली फळं. एक साठीचा माणूस रबरी बूट घालून कलंडलेल्या झाडाला दोरी बांधत होता. डाव्या मनगटाला प्लास्टर, त्यामुळे दोरीचं एक टोक त्याने दातांत धरलं होतं.

मी पळत जाऊन झाडाला खांदा दिला. त्याने गाठ मारली, दोरी तोंडातून काढली आणि आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"विम्याचे लोक कालच येऊन गेले."

"आम्ही काओशुंगहून आलो, लोदादा. लिनतौवर काम करतो," लान-ताई म्हणाल्या.

त्याचा चेहरा बंद झाला. "तारीख विचारायला आलात."

"नाही."

"सगळे तारीखच विचारतात. वादळाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या घरावर पत्रा नव्हता, आणि एकजण विचारत होता, तीस तारीख नक्की ना? बाई, मला माहीत नाही. सहाशे झाडं आहेत. दोनशे उभी करता येतील. जो दिवस जातो त्या दिवशी त्यांची मुळं सुकतात. ती आधी."

"बरोबर आहे. ती आधी."

तो जरा थबकला. त्याला भांडण अपेक्षित होतं.

"चव्वेचाळीस बदल तुमच्या नजरेसाठी थांबले आहेत," लान-ताई म्हणाल्या आणि गठ्ठा पुढे केला. "मी सगळे वाचले. प्रत्येकावर लिहून आणलं आहे. कुठे काय बदललं, कुठे मला शंका आहे. तुम्ही पूर्ण वाचायची गरज नाही. मी वाचून दाखवते, तुम्ही झाडं बांधा. हो की नाही एवढंच सांगा."

"नाही."

"कशाला नाही?"

"या सगळ्यालाच." त्याने पुढच्या झाडाकडे चालायला सुरुवात केली. आम्ही मागे मागे. "अकरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच्या शब्दावर एक बदल आत घेतला. चांगला माणूस होता, हुशार होता. त्यात भोक होतं. कुठल्यातरी शाळेतल्या मुलांची नावं-पत्ते जगाला दिसले. तेव्हापासून प्रत्येक ओळ मी स्वतः वाचतो. कुणाचा अपमान करायचा म्हणून नाही."

"मला कळतं," लान-ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मीही एकदा एका माणसाचं नाव लिहायला विसरले होते."

लोने दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "धर रे. ओढ. अजून."

झाड उभं राहिलं. मग तो लान-ताईंकडे वळला. "बरं. मी तुम्हाला एक बदल देतो. त्यात एक चूक आहे, मला माहीत आहे, अजून कुणाला सांगितलेली नाही. चार वाजेपर्यंत शोधा. सापडली तर बोलू. नाही सापडली तर साडेचारची गाडी आहे."

"द्या," लान-ताई म्हणाल्या.

फळं भरायच्या शेडमध्ये एक प्लास्टिकचं टेबल होतं. लान-ताईंनी त्यावरचा चिखल पुसला आणि लॅपटॉप उघडून बसल्या. तेव्हा दहा वाजले होते. मी लोबरोबर झाडं उभी करत राहिलो. आयुष्यात मी इतकं अंगमेहनतीचं काम केलं नव्हतं. अकराव्या झाडाशी माझ्या तळहाताला फोड आले, आणि लो म्हणाला, "कॉम्प्युटरवाल्यांचे हात. माझेही असेच होते, सिंचूला नोकरीत असताना."

दुपारी त्याच्या बहिणीने भात आणि कडू कारल्याचं सूप आणलं. लान-ताईंचा वाडगा तसाच निवून गेला. मी जाऊन म्हटलं, "ताई, दोन घास तरी."

"जा तिकडे."

"सापडली का?"

"एक वाटते आहे. पण ती फार सोपी आहे. जा म्हटलं ना."

पावणेचारला त्या शेडमधून बाहेर आल्या. चष्मा कपाळावर, केस विस्कटलेले. त्या चिखलातून सरळ लोपर्यंत चालत आल्या. "दोन आहेत."

"एक," लो म्हणाला.

"दोन. पहिली म्हणजे लॉगिनची जुनी ओळखखूण रद्द झाल्यावरही एक मिनिट चालते. ती तुम्हाला माहीत असणार."

"हो. तीच."

"दुसरी. माणसाने दोन ठिकाणी एकाच वेळी लॉगिन केलं आणि एकीकडून बाहेर पडला, तर दुसरीकडे त्याला आधीच्या माणसाचं पान दिसू शकतं. नेहमी नाही. शंभरात दोन-तीनदा. मी सत्तर वेळा करून बघितलं, दोनदा झालं."

लोने हातातली करवत खाली ठेवली. शेडमध्ये गेला, उभ्यानेच वाचू लागला. मग खुर्ची ओढली. आम्ही दाराशी थांबलो. समोरच्या डोंगरावर ऊन चढत गेलं. साडेचारची गाडी गेली. तिची शिट्टी ऐकू आली.

"हे मी दोनदा वाचलं होतं," शेवटी तो म्हणाला. "दोनदा. आणि आत घेणार होतो."

"तुम्ही दमला होतात."

"तेच ना. एकट्याच्याने होत नाही आता." त्याने प्लास्टरचा हात चेहऱ्यावरून फिरवला. "युए-लान ना नाव तुझं? कागदांवर वाचलं. उद्या सकाळी थांबशील?"

आम्ही त्याच्या बहिणीच्या घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झाडं बांधत होता, मी दोरी ओढत होतो, आणि लान-ताई उलट्या घातलेल्या फळाच्या क्रेटवर बसून मोठ्याने वाचत होत्या. मध्येच तो म्हणायचा, "थांब. पुन्हा वाच." कधी, "घे आत." कधी, "याला विचार, हे कशाला हवंय?" दुपारपर्यंत नऊ बदल निकालात निघाले. पहिल्या 'घे आत'ला मी फोनवर नोंद टाकली तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकावरून कुणीतरी लगेच लिहिलं: 'लो जिवंत आहे!' ते मी वाचून दाखवलं. तो पहिल्यांदा हसला.

परतल्यावर साहेबांशी लान-ताईंचं कडाक्याचं झालं. त्यांना रोज सकाळचे दोन तास लिनतौसाठी हवे होते, कंपनीच्या वेळेतले.

"ताई, ते आपलं काम नाही!"

"त्याच्यावर आपलं घर उभं आहे आणि ते आपलं काम नाही?"

"पण दुसऱ्याही शंभर कंपन्या ते वापरतात. त्यांनी का नाही करायचं?"

"त्या करतील तेव्हा करतील. मार्च आपला आहे. मला आठ ते दहा द्या, नाहीतर मी सहा ते आठ घरून करते आणि मग अर्ध्या झोपेत ऑफिसला येते. तुम्हीच ठरवा."

साहेबांनी आठ ते दहा दिले.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. रोज आठला लान-ताई फोन कानाला लावून वाचत, पलीकडे करवतीचा किंवा कोंबड्यांचा आवाज. महिन्याभरात लोने आणखी दोन माणसांना तपासणीचे अधिकार दिले, एक व्हिएतनामची मुलगी, एक पोलंडचा प्राध्यापक. दोघांनाही आधी तीच परीक्षा. ज्याने वेगळी चूल मांडायची म्हटलं होतं त्यालाही लान-ताईंनी आठ कामं धाडली. त्याने ती केली. वहीत त्या अजूनही दर आठवड्याला आकडा लिहायच्या, पण तारीख विचारली की म्हणायच्या, "काम कर."

बावीस डिसेंबरला सकाळी साडेनऊला लोने फोन केला. लान-ताईंनी तो स्पीकरवर टाकला. सगळं ऑफिस गोळा झालं.

"टाकतो," तो म्हणाला.

दुसऱ्याच मिनिटाला त्याच्या तोंडून एक शिवी. शेवटची चाचणी नापास झाली होती. साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी धावत माझ्या जागेवर गेलो. भानगड क्षुल्लक निघाली: एक चाचणी दुसऱ्या देशातल्या घड्याळाप्रमाणे चालत होती, तिथे अजून एकवीस तारीख होती. चाळीस मिनिटांत आम्ही ती सरळ केली. लोने पुन्हा टाकलं. या वेळी पान हिरवं झालं आणि पाचवी आवृत्ती बाहेर आली.

ऑफिसात आरडाओरडा झाला. कुणीतरी लान-ताईंना मिठी मारली. साहेबांनी सगळ्यांदेखत वही मागितली, पहिलं पान उघडलं. "अकरा ते वीस जानेवारी. ताई, वीस दिवसांनी चुकलात!"

"चुकले," त्या म्हणाल्या. त्यांना त्यात गंमत वाटत नव्हती. संध्याकाळी त्यांनी साहेबांना जो अहवाल दिला तो मी पाहिला आहे. त्यात लिहिलं होतं: 'अंदाज दोनदा चुकला. एकदा वादळामुळे, एकदा माझ्यामुळे. पुढच्या वेळी एकाच माणसावर किती कामं अडली आहेत, ते आधी मोजावं.'

सांगाडा बदलायला आम्ही दोन महिने धरले होते. चौथीभोवती घातलेल्या त्या कुंपणामुळे, ज्याच्या नावाने मी चार महिने कुरकुर केली होती, बदलायला नऊ दिवस लागले. उरलेला वेळ आम्ही बेटांवर जाऊन नर्सना शिकवण्यात घालवला. लान-ताई चीमेईला स्वतः गेल्या. तिथे तो कोळी अजून होता. आठवड्यातून तीनदा बोटीने डायलिसिसला जायचा. त्यांनी त्याला भेटून काय सांगितलं ते मला माहीत नाही. परतल्या तेव्हा हातात सुकवलेल्या माखल्यांची पिशवी होती.

दहा मार्चला, मंगळवारी, सकाळी आठ वाजता नवी प्रणाली सुरू झाली. आम्ही सगळे तक्रारींच्या फोनभोवती बसून होतो. नऊ वाजले. दहा वाजले. पडद्यावर नोंदी पडत होत्या: वेळ, बोट, नाव. वेळ, बोट, नाव. फोन मात्र एकदाही वाजला नाही. साडेअकराला थांग साहेब जिन्यात गेले. आम्हाला वाटलं सिगारेट ओढायला गेले असतील. तेवढ्यात फोन खणखणला आणि सगळे जागच्या जागी उडाले.

लान-ताईंनी उचलला. ऐकलं. मग डोळे मिटून घेतले.

"हो साहेब. चालू आहे फोन. या आता वर, जेवायची वेळ झाली."

खाली दुकानात माशाची पेज गरम होती. त्या दिवशी लान-ताईंनी दोन वाडगे खाल्ले, आणि नंतर टेबलावर डोकं टेकून तासभर झोपल्या. अर्ध्या तासाने दिवे लावायची वेळ झाली तेव्हा साहेबांनी बटणावरचा माझा हात बाजूला केला.